नकाराचं कारण

निर्मला वाबळे यांच्याशी ज्यांचं कधी वाकडं आलं, त्यांना ते विसरून जायची मुभा होती. बाईंनी स्वतःला मात्र ती कधी दिली नाही.

मंचरच्या एसटी स्टँडजवळ एक मिठाईवाला होता. त्यानं एकदा त्यांना आंबूस पेढे दिले. त्या परत करायला गेल्या, तर दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "बाई, घरात ठेवून शिळे केले असतील तुम्हीच." वाबळे मॅडम पुडा घेऊन परत आल्या. पण त्यानंतर आमच्या क्लासची कुठलीही बॅच पास झाली, की त्या रस्त्यापलीकडच्या दुकानातून पेढे घ्यायच्या, पुडा उघडा धरून रस्ता ओलांडायच्या आणि या मिठाईवाल्यापुढे उभ्या राहायच्या. "घ्या शेठ, पोरं पास झाली. ताजे आहेत." गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? तो बिचारा एक पेढा उचलायचा आणि गिळायचा. असं कित्येक वर्षं चाललं. शेवटी एक दिवस तो स्वतः पुडा घेऊन क्लासचा जिना चढून वर आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, आता पुरं करा." मॅडमनी पुड्यातला पेढा चाखला, "आज बरे आहेत" म्हणाल्या आणि पुढच्या बॅचच्या वेळी पुन्हा समोरच्याच दुकानात गेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मंचरला कॉम्प्युटरचे क्लास नुकते कुठे निघत होते. आमच्या क्लासमध्ये मी टायपिंग शिकवायचे आणि वाबळे मॅडम डेटाबेस. त्या रोज घोडेगावहून एसटीनं यायच्या. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, घरी म्हातारी आई. बंद गळ्याचा ब्लाउज आणि मे महिन्यातसुद्धा दोन्ही खांद्यांवरून गळ्याभोवती लपेटलेला पदर. आम्हांला वाटायचं, बाई जुन्या वळणाच्या आहेत.

शिकवताना त्यांच्यात काही जुनं नसायचं. पहिल्या दिवशी त्या कुणाला कीबोर्डला हात लावू द्यायच्या नाहीत. फळ्यावर आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. "हे टेबल. उभ्या रकान्याला फील्ड म्हणायचं. आता या रकान्यात कोण येणार, किती जागेत बसणार, रिकामं आलं तर चालणार का, हे आधी ठरवायचं. त्याला म्हणायचं फील्डची प्रॉपर्टी." एखादा मुलगा सगळं तसंच सोडून नुसता डेटा भरत सुटला, की त्या त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहायच्या.

"रिक्वायर्डला नो का ठेवलंस?"

"नंतर भरू की, मॅडम."

"नंतर भरतो म्हणणारा माणूस भरत नाही. येस कर. मग मशीन रिकामं घेणारच नाही."

डिफॉल्ट व्हॅल्यू शिकवायची त्यांची पद्धत मला अजून आठवते. "आपण काहीच बोललो नाही, तर आपल्याबद्दल जे धरून चालतात ते डिफॉल्ट," असं त्या म्हणायच्या. "ते दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका." पोरं हे वहीत व्याख्या म्हणून उतरवून घ्यायची. परीक्षेत तसंच लिहायची आणि मार्क गमवायची.

टेबलाच्या फॉरमॅटिंगला त्यांनी एक दिवस ठेवला होता. पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडायचं. कुणी ओळींना पिवळा रंग द्यायचा, कुणी रेघा लाल करायचा, कुणी अक्षरं एवढी मोठी करायचा की एका स्क्रीनवर दोनच नावं दिसायची. मॅडम म्हणायच्या, "आज रंगपंचमी करून घ्या. उद्या सगळं धुऊन या." फक्त एका गोष्टीवर त्या थांबायच्या. रकाना लपवता येतो, हे कळलं की पोरांना मोठी गंमत वाटायची. मॅडम तो लपवलेला रकाना पुन्हा उघडून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आपल्याला दिसत नाही एवढंच. टेबलाला माहीत असतो."

पारसशेठ त्यांच्याकडे आले ते साधारण दोन हजार एकच्या सुमाराला. शेठचं बाजारपेठेत भांड्यांचं मोठं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण चार पिढ्या मंचरात गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी आमच्यापेक्षा जास्त मंचरी. दुकानाच्या माडीवर दर रविवारी ते वधू-वर सूचक केंद्र चालवायचे. "लग्न जमलं की भांडी लागत्यात," ते सरळ सांगायचे. "मी पुण्य करतो असं नाय म्हनत." आता त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि सगळी स्थळं त्यात भरायची होती. मॅडमनी ते काम घेतलं आणि मराठी टायपिंगला मला सोबत नेलं. असे आमचे रविवार त्या माडीवर जाऊ लागले.

शेठकडचा जुना छापील फॉर्म मॅडमनी वाचला. मुलीसाठी रंग, उंची, चष्मा, स्वयंपाक, शिवणकाम, अंगावर काही खूण. मुलासाठी शिक्षण, नोकरी, शेती. त्यांनी दोन टेबलं केली, एक मुलींचं, एक मुलांचं, आणि मुलींचे सगळे रकाने जसेच्या तसे मुलांच्या टेबलात टाकले. वर प्रत्येकाला रिक्वायर्ड येस.

पहिल्याच रविवारी एका बागायतदाराची आणि त्यांची जुंपली.

"आमच्या पोराचा रंग कशाला पायजे?"

"मशीन रिकामं घेत नाही."

"मग मशीनला सांगा की."

"मशीनला मीच सांगितलंय." मॅडमनी स्क्रीनवरची यादी त्यांच्यापुढे केली. "गोरा, गव्हाळ, सावळा, काळा. यातलं काय लिहू?"

बागायतदारानं पोराकडे निरखून पाहिलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. बराच वेळ पाहून म्हणाले, "सावळा लिवा."

पारसशेठ खालून वर आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक पळंल." पण पळालं नाही. उलट मुलींचे वडील लांबून लांबून यायला लागले.

या टेबलात एक रकाना असा होता, की तो कुठल्याच केंद्राच्या फॉर्मवर मी पाहिला नव्हता. त्याचं नाव 'नकाराचं कारण'. मुलगी पाहून नकार दिला, की मुलाकडच्यांनी केंद्रात येऊन तो का दिला ते सांगायचं. मॅडम तो टाइप करायच्या आणि मुलीच्या घरी जसाच्या तसा कळवायच्या. नियम इतकाच, की रकाना रिकामा सोडता येणार नाही आणि जागा पन्नास अक्षरांची. 'पसंत नाही', 'जमलं नाही', 'आठवत नाही' असली उत्तरं त्यांनी व्हॅलिडेशन रूल घालून आधीच बंद करून टाकली होती. ती टाइप केली की मशीन बीप करायचं आणि चौकट यायची. चौकटीत आमचा मराठी फॉन्ट उमटायचा नाही, नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसायची. म्हणून मॅडमनी तिथला मजकूर रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहिला होता: 'खरं कारण लिहा.'

पन्नासच अक्षरं का, असं मी एकदा विचारलं.

"पन्नास अक्षरांत मावत नाही ते कारण नसतं. ती कुचाळकी असते."

"पण मुलीला कशाला कळवायचं? तिला वाईट वाटेल."

"खरं असेल तर तिला कळू दे. खोटं असेल तर तिला उत्तर देता येऊ दे. गावाला कळतं आणि तिलाच कळत नाही, असं होऊ नये."

त्या रकान्यानं कमाल केली, हे खरं. स्वतःचं कारण स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत पाहिलं की माणसं ओशाळायची. एका मुलाच्या वडिलांनी 'मुलगी मोठ्यांदा हसते' असं सांगितलं, मग दोनदा वाचलं, बायकोकडे पाहिलं आणि नकारच मागे घेतला. पोरांचं लग्न झालं आणि भांडीही शेठकडूनच गेली.

अशाच एका रविवारी पेठ गावच्या इंदूबाई आल्या. अंगानं भारदस्त, नऊवारी चापून नेसलेल्या, बोलणं ठसक्यात. सोबत दोन मुलगे. थोरला अशोक चाळिशीचा, शेती बघणारा. धाकटा संतोष चाकणला कंपनीत नोकरीला. त्याच्यासाठी मुलगी बघायची होती. मॅडम नेहमीसारख्या प्रश्न विचारत होत्या, मी टाइप करत होते. मुलाचं नाव, गाव, वडील हयात नाहीत. "भाऊ?" "थोरला अशोक, ह्यो काय." मॅडमचा पुढचा प्रश्न आलाच नाही. मी मान वर केली. त्या इंदूबाईंकडे पाहत होत्या आणि इंदूबाई पंख्याकडे तोंड करून पदरानं वारा घेत होत्या.

"बाई, तुमी कुठल्या?" इंदूबाईंनी गप्पा म्हणून विचारलं.

"घोडेगावची."

"आमीबी गेलतो घोडेगावला एकदा. ह्या थोरल्यासाठी पोरगी बघाया."

"मग?"

"मग काय? न्हाई जमलं." इंदूबाईंनी बांगड्या मागे सारल्या. अशोक उठून खिडकीशी गेला.

त्या संध्याकाळी स्टँडवर घोडेगावची गाडी यायला उशीर होता. बाकावर बसल्यावर मॅडम आपणहून बोलल्या. आवाज वर्गात असायचा तसाच होता.

"ती मुलगी मी. तेव्हा बाविशीची होते. त्यांनी मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मग या इंदूबाईनं पदर तांब्यात बुचकळला आणि माझा गाल पुसला. पावडर लावलीय का बघायला. पुसताना गळ्यावरचा पदर सरकला." त्यांनी माझ्यापुढे पदर जरा खाली केला. कानाखालून गळ्यापर्यंत फिकट, सुरकुतलेली कातडी होती. "लहानपणी गुऱ्हाळावर उकळती काकवी सांडली होती. तसं सांगितलंही. 'बरं' म्हणाल्या, पोहे खाल्ले, नारळ घेतला, निरोप धाडतो म्हणून गेल्या. निरोप आलाच नाही. आईला घोडेगावच्या बाजारात एक बाई भेटली, तिनं सांगितलं की वाबळ्यांच्या थोरलीला कोड आहे असं पेठ गावात म्हणतात."

"मग?"

"मग काही नाही. कुणी आलंच नाही. माझं जाऊ दे. सुलभा, माझी धाकटी, दिसायला माझ्याहून चांगली. कोडाच्या घरातली म्हणून तिलाही स्थळं येईनात. शेवटी एका बिजवराला दिली, त्याची मुलं तिच्या खांद्याला लागत होती. वडील पुण्याच्या डॉक्टरांचा दाखला खिशात घेऊन लग्नाकार्यात फिरायचे, हे कोड नाही, भाजल्याची खूण आहे म्हणून. लग्नात कोण दाखला वाचतं?"

गाडी आली. मी विचारलं, "आता काय करणार?"

"करायचं ते नियमात बसवून करीन," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

पुढे काय होणार याची मी धास्ती घेतली होती, पण झालं भलतंच. संतोषला मुलगी पसंत पडली ती वैशाली. वैशाली ओझरजवळच्या एका वाडीवरची, मंचरला आत्याकडे राहून आमच्याच क्लासला शिकलेली आणि मॅडमची सगळ्यात लाडकी. मॅडम डब्यातली निम्मी भाजी तिला काढून ठेवायच्या. तिनं केलेलं टेबल तपासताना त्यांना चूक सापडायची नाही आणि त्याचा त्यांना आनंद व्हायचा. केंद्रात नाव घालायला तिला त्यांनीच लावलं होतं. संतोष आणि ती माडीवरच्या खिडकीशी बसून बराच वेळ बोलली. जाताना वैशालीचा चेहरा असा होता, की विचारायची गरज नव्हती.

मी मॅडमना म्हटलं, "मुलगा चांगला वाटतो."

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तो तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असेल."

पुढची सगळी जुळणी त्यांनी स्वतः केली. मला वाटलं, वैशालीसाठी बाईंनी मनातून काढून टाकलं.

बोलणी केंद्राच्या माडीवर ठरली. इंदूबाई, अशोक, अशोकची बायको, संतोष; इकडून वैशालीचे वडील बबनराव, आई आणि आत्या. वैशाली आत्याच्या मागे बसली होती. बोलणी सुरळीत झाली. पारसशेठनी ठेवणीतली टोपी घातली होती आणि बर्फीची ताटली फिरवली होती. बबनरावांनी सुपारी पुढे ठेवली. अशोक अडकित्ता घ्यायला वाकला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "एक नोंद राहिलीय. ती पूर्ण झाली की फोडा."

त्यांनी मॉनिटर उचलून सगळ्यांकडे वळवला, स्वतः कीबोर्डवर बसल्या आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचत भरायला लागल्या.

"मुलीचं नाव, निर्मला वाबळे. गाव घोडेगाव. मुलाचं नाव, अशोक. गाव पेठ. निर्णय, नकार. नकाराचं कारण." इथं त्या थांबल्या आणि रिकाम्या रकान्यातून पुढच्या ओळीवर गेल्या. मशीननं बीप केलं. चौकट आली.

"घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "इंदूबाई, तुम्ही सांगा."

इंदूबाईंना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग गळ्याभोवतीच्या पदराकडे.

"लई वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "मला न्हाई आठवत."

मॅडमनी 'आठवत नाही' असं टाइप केलं. पुन्हा बीप. "हे चालत नाही. मी पहिल्याच दिवशी बंद केलंय."

"काय भानगड हाय?" बबनरावांनी विचारलं.

मॅडम उठल्या. त्यांनी सगळ्यांसमोर गळ्याभोवतीचा पदर काढून खांद्यावर टाकला. "यांनी मला पाहिलं आणि मला कोड आहे असं गावभर सांगितलं. ही भाजल्याची खूण आहे. जवळून बघा. तेव्हा यांनीही जवळूनच बघितली होती."

खाली दुकानात कुणीतरी पातेली एकात एक रचत होतं, त्याचा आवाज येत राहिला. संतोष आईकडे पाहत होता. मग अशोक अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, "मला सांगू द्या. मामाची पोरगी करायचं..."

"तुम्हाला नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत. आता बोलून काय उपयोग?"

अशोक खाली बसला. त्याची बायको, म्हणजे तीच ती मामाची मुलगी, साडीचा काठ बोटाला गुंडाळत मान खाली घालून ऐकत होती.

इंदूबाईंनी पाणी मागितलं. मी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "भावाला शबूद दिला व्हता. मालक ऐकत नव्हतं, त्यास्नी हीच पोरगी पायजे व्हती. मग न्हाई म्हनाया काय कारन सांगायचं? म्हनलं, कोड हाय."

"होतं का?"

"न्हाई."

मॅडमनी टाइप केलं: 'भावाला शब्द दिला होता. कोड नव्हतं.' पन्नास अक्षरांत सहज बसलं. त्या पुढच्या ओळीवर गेल्या. मशीननं बीप केलं नाही.

"संतोष, मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "आईंना चष्म्याशिवाय दिसत नसेल."

संतोषनं वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

"झालं समाधान?" इंदूबाईंनी विचारलं.

"माझं झालं. सुलभाचं कशानं होणार, ते तुम्ही सांगा."

बबनराव उठले, सुपारी उचलून खिशात टाकली आणि बायकोला म्हणाले, "चल." पारसशेठ मधे आले, "आवो राव, बसा, असं काय..." बबनराव म्हणाले, "शेठ, ज्या घरात जित्या पोरीवर असं कायबी उठवत्यात, तिथं मी पोरगी न्हाई देत. कारन लिवायला परत यायला नको. तुमच्या मशीनमदी आत्ताच लिवलंय."

सगळे गेल्यावर मॅडमनी कप गोळा केले, बर्फीची ताटली झाकली आणि कॉम्प्युटर बंद केला. मी त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधत होते, खोटं कशाला सांगू. तो नव्हता. त्या दिवशी गाडीला जाताना त्या भरभर चालत होत्या आणि पदर खांद्यावर सैल होता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, की आईला हल्ली ऐकू येत नाही, म्हणून तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगावं लागलं. "शेजारपाजारच्यांनी ऐकलं. ऐकू दे म्हटलं. आणखी जोरात सांगितलं."

आठवड्याभरात वैशाली क्लासवर आली. डब्याची वेळ होती. ती बसली नाही.

"मॅडम, मला तो पसंत होता."

"माहीत आहे."

"मग माझ्याच दिवशी का? आधी करायचं होतं, नंतर करायचं होतं."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "आधी केलं असतं तर ती उठून गेली असती. त्या दिवशी तिला उठता येत नव्हतं."

वैशालीनं त्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मला मधे बसवलं."

"हो."

"इंदूबाईंचं कारण लिहून घेतलंत. बाबांचंही लिहिल्यासारखंच झालं. मला काय वाटतं ते लिहायला तुमच्या टेबलात रकानाच नाही, मॅडम. मी किती वेळा ते टेबल बघितलं, माझ्याही लक्षात आलं नाही."

एखाद्या विद्यार्थ्यानं चूक दाखवली, तर ती लगेच मान्य करायची, असा मॅडमचा नियम होता. त्या म्हणाल्या, "नाही. तो करायला पाहिजे होता."

वैशाली गेली. त्यानंतर ती मॅडमशी कधीच बोलली नाही. रविवारी मी केंद्रात गेले, तर दोन्ही टेबलांत एक नवा रकाना होता: 'स्वतःचं मत'. रिक्वायर्ड, येस. पारसशेठ म्हणाले, "आता ह्ये काय नवीन?" मॅडमनी त्यांना उत्तर दिलं नाही, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

संतोष मात्र चिवट निघाला. तो एकटा, आईला न घेता, बबनरावांच्या वाडीवर जात राहिला. पहिल्यांदा त्यांनी त्याला ओट्यावरही बसू दिलं नाही. कांद्याच्या काढणीला तो सुट्टी टाकून गेला, दिवसभर राबला आणि जेवायला न थांबता परत आला, असं वैशालीची आत्या सांगायची. शेवटी बबनरावच म्हणाले, की पोरगा आईवर गेलेला नाही. ओझरच्या गणपतीजवळच्या एका कार्यालयात साधं लग्न झालं. मला आणि पारसशेठना पत्रिका आली. मॅडमना आली नाही.

सोमवारी त्यांनी मला विचारलं, "जेवण कसं होतं?"

"चांगलं होतं."

"आणि ती?"

"इंदूबाई? एका बाजूला खुर्चीवर बसून होत्या. फारसं कुणी बोलत नव्हतं त्यांच्याशी."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि तो 'बरं' त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. मग फळ्याकडे वळून रेघा मारायला लागल्या. वैशाली कशी दिसत होती, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. तेव्हा त्यांच्या हातातला खडू थांबला होता, एवढं मला पाठीमागून दिसलं.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडत गेले. आमचा बंद झाला. मॅडमची आई वारली, तेव्हा मी घोडेगावला जाऊन आले. त्यानंतर त्या डोंगरातल्या गावांकडच्या एका निवासी शाळेत शिकवायला लागल्या आणि आमच्या भेटी तुटल्या.

शेवटचं त्यांना पाहिलं ते घोडेगावच्या स्टँडवर. माझं तहसीलमध्ये काम होतं. डोंगराकडे जाणारी गाडी लागली होती, खच्चून भरलेली. आतून ओळखीचा आवाज आला म्हणून मी खिडकीशी गेले. एका जागेवर कुणाचा तरी रुमाल टाकलेला होता आणि मॅडम शेजारच्या माणसाला विचारत होत्या, "हा रुमाल कुठं उतरणार आहे?" तो माणूस म्हणाला, "जागा धरलीय, बाई." मॅडमनी रुमाल घडी करून त्याच्या हातात दिला आणि त्या बसल्या. केस पिकले होते. मला पाहून त्यांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला. मी तो धरला.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी सांगितलं, "इंदूबाई गेल्या. महिना झाला असेल. वर्षभर अंथरुणावर होत्या."



"कुणी केलं सगळं त्यांचं?"

"वैशालीनं. थोरली सून तर केव्हाच वेगळी झाली होती."

"नीट केलं?"

"खूप नीट केलं म्हणतात. शेवटी भरवायला, पुसायला, सगळ्याला तीच होती."

"करणारच," मॅडम म्हणाल्या. "तिच्या कामात मला कधी चूक सापडली नाही."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशी मी दोन पावलं खिडकीबरोबर चालले. मॅडमनी माझा हात सोडला नव्हता.

"संध्या," त्या म्हणाल्या, "मी इंदूबाईला माफ केलेलं नाही. कुणी विचारलं तर तसंच सांग."

गाडी डिंभ्याच्या रस्त्याला वळली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मला अजून तरी कुणी विचारलेलं नाही.